हाली, कलदार आणि हार्ड डिस्क

मित्रांनो, ही गोष्ट आपल्या कॉम्प्युटर लॅबची आहे. हिच्यात हिरो कोणी नाही. व्हिलन मात्र आहे, आणि तो मीच आहे. मासिकासाठी लेख मागितला तेव्हा आधी वाटलं, ‘पाऊस’ किंवा ‘आई’ यावर काहीतरी लिहून मोकळं व्हावं. पण ही गोष्ट पोटात राहिली असती तर पचली नसती, म्हणून लिहितोय.

लॅबमध्ये तीस मशीन आहेत. त्यांच्या जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज उघडायला किती वेळ लागायचा हे मी सांगायला नको. बटण दाबायचं, कँटीनला जाऊन कटिंग मारायची, परत यायचं, तरी स्क्रीनवरचे ते ठिपके गोल गोल फिरतच असायचे. अशात एका माजी विद्यार्थ्याचा सरांना फोन आला. ते पुण्याला नोकरी करतात. त्यांच्या ऑफिसातले सर्व्हर बदलले होते, त्यातून निघालेल्या तीस एसएसडी रीतसर परवानगी काढून ते कॉलेजला देणार होते. प्रत्येकी ४८० जीबी, सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो ना, तो खोका उघडला त्या दिवशी ते खरंच वाटलं.

सरांनी आम्हा चौघांना बोलावलं. “प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आत तीसही मशीन तयार पाहिजेत. जमेल?” मी सगळ्यांच्या आधी मान हलवली. इथूनच गोष्ट बिघडली.

तीस मशीनवर एकेक करून विंडोज टाका, लिनक्स टाका, कंपायलर टाका, मॅटलॅबसारखं जडशीळ सॉफ्टवेअर टाका, एवढं करत बसलो असतो तर दिवाळी आली असती. त्यासाठी इमेज असते. एक मशीन नीट सजवायचं, त्याच्या डिस्कची पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जशीच्या तशी नक्कल करून फाइलमध्ये ठेवायची, आणि ती फाइल बाकीच्या डिस्कवर ओतायची. झेरॉक्सच म्हणा. लिनक्सच्या ‘डीडी’ या जुन्या कमांडने हे काम होतं. आम्ही मास्टर डिस्क तयार केली, तिची इमेज दाबून एका एक्स्टर्नल डिस्कवर ठेवली आणि कामाला लागलो.

एसएसडी बसवायचं काम लॅबच्या मामांनी केलं. मामा म्हणजे लॅब अटेंडंट. मी जन्मायच्या आधीपासून ते या लॅबमध्ये आहेत. कॅबिनेट उघडणे, धूळ झाडणे, तो तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू न हरवता लावणे, ही कामं आमच्यापेक्षा त्यांना सफाईने येतात. त्यांनी तीसही डिस्क दोन दिवसांत बसवून दिल्या.

आम्ही इमेज ओतली. तीसही मशीनवर काम पूर्ण झालं आणि कुठेच एकही एरर आला नाही. मग सगळी मशीन चालू केली. एकोणीस मशीन अशी उघडली की आम्ही टाळ्या वाजवल्या. उरलेल्या अकरांवर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ होती : बूट करण्याजोगं डिव्हाइस सापडलं नाही.

परत ओतलं, परत तेच. स्लॉट बदलला, तरी तेच. माझ्या डोक्यात एक शक्कल आली होती. इमेजचा चेकसम काढला, मग न चालणाऱ्या डिस्कवरून सगळे बाइट परत वाचून त्याचाही चेकसम काढला. दोन्ही अगदी सारखे! म्हणजे नक्कल बिनचूक होती. जी नक्कल एकोणीस ठिकाणी चालते ती अकरा ठिकाणी चालत नाही, तर मग दोष डिस्कमध्येच असणार. जुन्या वापरलेल्या डिस्क, त्यात परभणीचं कोरडं हवामान. मी सरांना सांगून टाकलं, “सर, या अकरा गेल्या. बसवताना स्टॅटिकचा झटका बसला असेल. मामांनी मनगटाला पट्टा लावला नव्हता.”

मामा तिथेच उभे होते. ते काही बोलले नाहीत. हातातला स्क्रू ड्रायव्हर त्यांनी टेबलावर ठेवला आणि ते बाहेर गेले. सरांनी माझ्याकडे पाहिलं, तेही काही बोलले नाहीत. अकरा डिस्क एका खोक्यात गेल्या. खोक्यावर मीच मार्करने लिहिलं : ‘भंगार’.

त्यानंतरच्या आठवड्यात उरूस होता. दरवर्षी फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, तेव्हा हॉस्टेल संध्याकाळी रिकामंच होतं. रूममेट पाळण्यात बसायला गेले. मला मात्र त्या चेकसमने झोप येऊ देत नव्हती. जी डिस्क मेली आहे ती सगळे बाइट बरोबर परत कशी देईल? मेलेला माणूस हजेरीला ‘यस सर’ म्हणतो का?

सरांकडून किल्ली घेतली आणि लॅब उघडली. भंगारातली एक डिस्क मशीनला लावली, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि ‘एफडिस्क’ला डिस्कची माहिती विचारली. हे मी आधीही विचारलं होतं, पण तेव्हा फक्त ‘४८० जीबी’ एवढंच वाचून पुढे गेलो होतो. या वेळी सगळ्या ओळी वाचल्या.

चालणाऱ्या डिस्कवर सेक्टरांची संख्या ९३,७७,०३,०८८.
न चालणाऱ्या डिस्कवर ११,७२,१२,८८६.

आधी वाटलं, डिस्क जळून आठवा हिस्साच उरलाय. पण एकूण बाइट पाहिले तर दोन्हीकडे एकच आकडा. मग खालची ओळ वाचली. एका डिस्कवर सेक्टर साइझ ५१२ बाइट. दुसरीवर ४०९६ बाइट. अकराही डिस्क तपासल्या. अकरांची तीच कथा. ज्या सर्व्हरमधून त्या आल्या, तिथे कोणीतरी त्या ४०९६ वर लावून ठेवल्या होत्या. बाहेरच्या लेबलवर याची खूण असायचं काही कारणच नाही.

आता हे सेक्टर प्रकरण थोडं उलगडून सांगतो, कारण आपल्या पुस्तकात ‘एक सेक्टर म्हणजे ५१२ बाइट’ एवढं वाक्य पाठ करून आपण पुढे जातो.

डिस्क एकेक बाइट देत नाही. ती ठरावीक मापाचे तुकडे देते. त्या तुकड्याला सेक्टर म्हणतात आणि त्यांना शून्यापासून नंबर असतात. ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला म्हणते, ‘२०४८ नंबरचा सेक्टर दे.’ किती बाइटचा, हे त्या मागणीत नसतं. ते दोघांनी आधीच ठरलेलं धरलेलं असतं. हे माप काही देवाने दिलेलं नाही. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क, रामॅक, बाजारात आणली तेव्हा तिचा सेक्टर शंभर अक्षरांचा होता. पुढे पीसीच्या दुनियेत ५१२ बाइट रुळले आणि तीस वर्षं टिकले. पण डिस्क दाट होत गेल्या तसा प्रश्न आला. फिरत्या डिस्कवर प्रत्येक सेक्टरच्या आगेमागे मोकळी जागा, सुरुवातीची खूण आणि चुका दुरुस्त करायचे जादा बिट ठेवावे लागतात. तुकडे लहान असले की ही जागा फार खर्ची पडते. शेत लहान लहान वाफ्यांत तोडलं की अर्धी जमीन बांधातच जाते, तसं. म्हणून डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ठरवलं की आठ वाफ्यांचा एक वाफा करायचा. ५१२ गुणिले ८, म्हणजे ४०९६. याला ‘अॅडव्हान्स्ड फॉरमॅट’ म्हणतात. २०११ च्या सुरुवातीपासून नव्या डेस्कटॉप आणि लॅपटॉप हार्ड डिस्क या पद्धतीच्या करायच्या असं त्यांच्यात ठरलं होतं.

पण जुनी सॉफ्टवेअर ५१२ वरच अडून बसलेली. म्हणून बऱ्याच डिस्क आतून ४०९६ च्या असल्या तरी बाहेर ‘माझा सेक्टर ५१२ चा’ असं सांगतात. त्यांना ‘५१२-ई’ म्हणतात. ई म्हणजे इम्युलेशन, सोंग. काही डिस्क मात्र सोंग घेत नाहीत. त्या सरळ ४०९६ सांगतात. त्या ‘४-के नेटिव्ह’. विंडोजमध्ये अशा डिस्कना आधार विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून मिळाला, आणि त्यांच्यावरून बूट करायचं तर यूईएफआय लागतं. आणि काही एसएसडी अशा असतात की त्यांना एका कमांडने दोन्हींपैकी कोणत्याही मापावर लावता येतं. आमच्या त्या जातीच्या निघाल्या.

मग आमची इमेज नेमकी कुठे पडली? पार्टिशनची यादी, म्हणजे जीपीटी, हिचा नियम असा की तिचा मुख्य मथळा सेक्टर नंबर १ मध्ये असतो. शून्य नंबरचा पहिला, म्हणजे हा दुसरा. मास्टर डिस्कवर सेक्टर नंबर १ म्हणजे ५१२ व्या बाइटपासून. इमेजने तो इमानदारीने नव्या डिस्कच्याही ५१२ व्या बाइटला नेऊन ठेवला. पण नव्या डिस्कवर सेक्टर नंबर १ सुरू होतो ४०९६ व्या बाइटला! मशीन तिथे गेलं. तिथे काय होतं? जुन्या मोजणीतला आठ नंबरचा सेक्टर, म्हणजे पार्टिशनच्या यादीतल्या पंचविसाव्यापासूनच्या ओळी. आमची पार्टिशन पाच. त्यामुळे तिथे नुसती शून्यं. मशीनने शून्यं वाचली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, इथे काही नाही. डिस्कच्या शेवटी मथळ्याची एक राखीव प्रत असते. तीही शेवटच्या ५१२ बाइटांत होती, आणि मशीन तिला शोधत होतं शेवटच्या ४०९६ बाइटांच्या सुरुवातीला. तीही हुकली.

सगळी माहिती जागच्या जागी होती, तरी एकही गोष्ट जागेवर नव्हती. नक्कल बिनचूक होती, आणि नेमकी म्हणूनच ती चालत नव्हती. इमेजबरोबर आकडे गेले. माप गेलं नाही, कारण जीपीटीच्या मथळ्यात सेक्टर किती बाइटचा हे लिहायचा रकानाच नाही. ते वाचणाऱ्याने डिस्कला विचारून घ्यायचं.

मला वाटलं सोपं आहे, सगळ्या आकड्यांना आठने भागू. पहिलं पार्टिशन २०४८ वर होतं, ते २५६ वर मांडलं. बाइटमध्ये जागा तीच, एक एमबी. असंच पाचही पार्टिशन मांडले. लिनक्सचं पार्टिशन लगेच उघडलं! कारण ईएक्सटी-४ फाइल सिस्टिम सेक्टर मोजत नाही. ती पार्टिशनच्या सुरुवातीपासून स्वतःचे ब्लॉक मोजते आणि आमच्याकडे तो ब्लॉक ४०९६ चाच होता. मी खुर्चीतून उडालोच. पण बूट फाइल्सचं छोटं फॅट पार्टिशन उघडेना. विंडोजचं एनटीएफएस तर नाहीच. या दोघांच्या पहिल्याच सेक्टरात स्पष्ट लिहिलेलं असतं, ‘एका सेक्टरात ५१२ बाइट’. डिस्क म्हणते ४०९६, आत लिहिलंय ५१२. असा वाद असला की ते पार्टिशन लिनक्सने जोडून घेतलं नाही आणि विंडोजनेही नाही. बाहेरची यादी दुरुस्त करून भागत नाही, आतल्या प्रत्येक पार्टिशनचा स्वतःचा हिशोब वेगळा असतो.

सकाळी सरांना सगळं सांगितलं. रस्ते दोन होते. एक, डिस्कलाच ५१२ वर लावायचं. यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, पण आमच्या डिस्कवर गमावण्यासारखं काही नव्हतंच. दोन, बाइटची नक्कल करायचीच नाही. नव्या डिस्कवर तिच्याच मापाने पार्टिशन पाडायचे, फॉरमॅट करायचे आणि फक्त फाइल्स नेऊन ठेवायच्या. विंडोजसाठी विम नावाची इमेज असते, ती फाइल्सचीच असते, तिला सेक्टरशी देणंघेणं नसतं. लिनक्ससाठी टार किंवा आरसिंक. शेवटी बूटलोडर नव्याने लावायचा.

मला घाई होती, म्हणून मी पहिला रस्ता धरला. नऊ डिस्क ५१२ वर लावल्या, जुनी इमेज ओतली आणि नऊ मशीन उघडली. उरलेल्या दोन सरांनी मुद्दाम तशाच ठेवायला लावल्या. म्हणाले, “आज तू डिस्क बदललीस. पुढच्या वर्षी जी डिस्क बदलता येणार नाही ती आली तर तुझे ज्युनिअर काय करतील?” त्या दोघींवर फाइल्सवाला रस्ता वापरला. दोन दिवस गेले, पण त्यासुद्धा चालू झाल्या आणि लॅबच्या वहीत पानभर रीत लिहून ठेवली. प्रॅक्टिकलला तीसही मशीन हजर होती.

आता उरलं ते अवघड काम. मामांकडे गेलो. ते मागच्या पायरीवर डबा खात होते. म्हटलं, “मामा, डिस्क चांगल्या होत्या. चूक माझी होती. मी उगाच तुमचं नाव घेतलं.” ते म्हणाले, “झालं ना काम? बस मग.” आणि भाकरीचा तुकडा पुढे केला. मला बरं वाटेना. म्हणून काय झालं होतं ते त्यांना समजावून सांगायला लागलो. आकडा तोच, पण एका डिस्कचा सेक्टर लहान आणि दुसरीचा मोठा, वगैरे.

मामा ऐकत होते. मग म्हणाले, “आसं म्हण की. हाली आन् कलदार.”

मला काही कळलं नाही. ते म्हणाले, “आमच्या आज्यानं जमीन घेतली व्हती निजामाच्या टायमाला. कागद उर्दूत हाय. सातशे रुपये लिव्हल्यात. माझ्या चुलत्याला वाटायचं सातशे म्हंजे सातशे. वाचून घेतला तव्हा कळलं, फुडं हाली लिव्हलंय. सातशे हाली म्हंजे सहाशे कलदार. रुपया दोनी कडं रुपयाच, पर येक न्हाई.”

रूमवर येऊन वाचलं तर मामांचा हिशोब चोख होता. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाचं स्वतःचं नाणं, त्याला हाली म्हणायचे. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. सात हालीला सहा कलदार असा दर. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मोकळं झालं, पण हाली रुपया त्यानंतरही काही काळ हातात फिरत राहिला. १९५९ मध्ये तो पुरता बाद झाला. तोपर्यंत इथल्या व्यापाऱ्याला, शेतकऱ्याला आकड्याच्या पुढे ‘हाली’ की ‘कलदार’ हे बघावंच लागायचं. जो बघायचा नाही तो बुडायचा. आपल्या पणजोबांना जे बाजारात कळत होतं ते मला सहाव्या सेमिस्टरला कळलं.

नंतर मला दिसलं की हे ‘हाली’ लिहिणारे आपल्या धंद्यातही आहेत. लिनक्सच्या ‘एसएफडिस्क’ची नवी आवृत्ती पार्टिशन टेबलची नक्कल लिहून देते तेव्हा वरच एक ओळ टाकते : सेक्टर साइझ इतका. एक ओळ फक्त. आमच्या इमेजच्या फाइलशेजारी अशी एक चिठ्ठी असती तर ‘भंगार’ लिहिण्याआधी मी एकदा तरी थांबलो असतो. आता आम्ही प्रत्येक इमेजबरोबर ती ठेवतो.

हॉस्टेलवाल्यांनो, हे लॅबपुरतं नाही बरं. दोन टीबीपेक्षा मोठ्या काही एक्स्टर्नल डिस्कच्या डबीत असं सर्किट असतं की ते यूएसबीवर ४०९६ चे सेक्टर दाखवतं. कारण जुन्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलला ५१२ च्या मापाने साधारण दोन टीबीच्या पुढे मोजता येत नाही, आणि एक्सपीवाल्यांनाही ती डिस्क चालावी म्हणून कंपन्यांनी ही युक्ती केली होती. आता डबीची पिन तुटली म्हणून तुम्ही आतली डिस्क काढून सरळ मशीनला जोडली, तर डिस्क ५१२ सांगते आणि विंडोज विचारतं, ‘फॉरमॅट करायचं का?’ कृपा करून ‘हो’ म्हणू नका. सिनेमे, फोटो, प्रोजेक्ट सगळं जागेवरच असतं. फक्त मोजणी बदललेली असते. तसलीच डबी शोधा. विंडोजमध्ये ‘एमएसइन्फो३२’ चालवलं की डिस्कच्या नावाखाली ‘बाइट्स/सेक्टर’ दिसतं. तेवढं आधी बघा.

‘भंगार’ लिहिलेला तो खोका अजून लॅबमध्ये आहे. मी तो टाकून देणार होतो. मामांनी टाकू दिला नाही. ते त्यात स्क्रू ठेवतात.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी